बचावाची वकील नायिका असेल तर रहस्य कुठे शोधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका अमेरिकन कादंबरीमालिकेतलं तिसरं पुस्तक हाती लागलं. नायिका फौजदारी वकील, आणि कायम आरोपीच्या बाजूने उभी राहणारी. पुस्तक खाली ठेववत नाही, पण तीन ठिकाणी अडायला होतं. मालिका पहिल्यापासून वाचायला हवी का? कोर्टात चाललेलं निम्मं कळत नाही, ते कसं समजून घ्यायचं? आणि ज्याने खून केला असावा असं आपल्यालाही वाटतं, त्याच्यासाठी ही बाई जिवाचं रान करते, ते पचत नाही.

मी स्वतः बचावाच्या बाजूने फौजदारी खटले चालवते आणि या जातीच्या कादंबऱ्या आवडीने वाचते. तुमचा तिसरा प्रश्न मी आधी घेते, कारण तो सुटला की बाकीचे दोन बरेच सोपे होतात.

नेहमीच्या गुप्तहेरकथेत नायकाला जे कळतं ते तो शेवटी सगळ्यांना गोळा करून सांगतो. बचावाच्या वकिलाला ती सोयच नसते. तुरुंगातल्या भेटीत अशिलाने सांगितलेली गोष्ट ती न्यायाधीशांना सांगू शकत नाही, पोलिसांना नाही, घरी जेवताना नवऱ्यालाही नाही. त्यामुळे खून कोणी केला या प्रश्नाच्या मागे न लागता तीन गोष्टींवर नजर ठेवा: तिला काय माहीत आहे, ते केव्हापासून माहीत आहे, आणि त्या माहितीचं तिला काय करता येतं. माझ्या मते या प्रकारच्या कादंबरीतलं खरं रहस्य तिथे असतं. चांगल्या लेखिकेला ते ठाऊक असतं, आणि ती पानोपानी त्याच ठिकाणी ताण देत राहते.

हे ओझं कल्पनेतलं नाही. १९७३ साली न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट गॅरो नावाच्या माणसाला खुनाच्या आरोपाखाली पकडलं. फ्रँक आर्मानी आणि फ्रान्सिस बेल्ज हे त्याचे वकील. त्याने त्यांना आणखी खुनांची कबुली दिली आणि बेपत्ता असलेल्या दोन तरुणींचे मृतदेह कुठे आहेत तेही सांगितलं. वकिलांनी तिथे जाऊन खात्री करून घेतली, फोटो काढले, आणि कोणाला काही सांगितलं नाही. त्यातल्या एका मुलीचे वडील माहितीच्या आशेने त्यांच्याकडे आले, तेव्हाही नाही. १९७४ मध्ये लेक प्लेझंटच्या कोर्टात गॅरोने स्वतःच साक्ष देताना सगळं ओकून टाकलं, तेव्हा लोकांना कळलं की वकिलांना हे महिनोन्‌महिने माहीत होतं. संताप उसळला, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. बेल्जवर तर मृतदेहाच्या रीतसर दफनासंबंधीच्या आरोग्य कायद्याखाली आरोप ठेवला गेला. न्यायालयाने तो रद्द केला. त्या बापाचा चेहरा समोर असताना गप्प बसणं काय असेल, याची कल्पना करून पाहा. मला आजही ते वाचताना अस्वस्थ व्हायला होतं, आणि तरीही ते दोघे चुकले असं मी म्हणणार नाही. अशिलाला आपल्या वकिलाशीही खरं बोलायची भीती वाटली, तर त्याचा बचाव कोणीच नीट करू शकणार नाही. आणि तीच भीती निरपराध माणसालाही वाटेल.

या गुप्ततेला कडा आहेत, आणि लेखिका नायिकेला नेमकं त्या कडेवर चालवत असते. समजा, अशील सांगतो की सुरा अमुक ठिकाणी कचऱ्यात टाकला आहे. ती जाते, बघते, हात न लावता परत येते. मग अशिलाचं बोलणं आणि तिने पाहिलेलं, दोन्ही गुप्त राहतं. तिने तो सुरा उचलला तर? १९८१ च्या ‘पीपल विरुद्ध मेरेडिथ’ खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. तिथे बचाव पक्षाने नेमलेल्या खासगी तपासनिसाने खून झालेल्या माणसाचं पाकीट अशिलाच्या घरामागच्या कचऱ्यातून उचलून आणलं होतं. न्यायालयाने म्हटलं, अशिलाचं बोलणं गुप्तच राहील. पण वस्तू जागची हलवलीत तर ती कुठे होती हे लपवता येणार नाही, कारण ती पोलिसांना तिथे सापडण्याची शक्यता तुम्हीच संपवलीत. आता पुस्तकात एखादी गोष्ट नायिकेच्या हाती लागली की पान उलटण्याआधी क्षणभर थांबा. ती तिला हात लावते का, तिचा तपासनीस लावतो का, की दोघंही फक्त बघून निघून येतात? पुढची शंभर पानं त्यावर अवलंबून असू शकतात.

आणखी एक कडा अशिलाच्या खोट्या साक्षीची. साक्षीला उभं राहायचं की नाही, हा निर्णय अमेरिकेत आरोपीचा स्वतःचा असतो. वकील फक्त सल्ला देते. पण तो खोटं बोलणार हे तिला पक्कं ठाऊक असेल, तर तिला त्याला साथ देता येत नाही. १९८६ च्या ‘निक्स विरुद्ध व्हाइटसाइड’ मध्ये वकिलाने अशिलाला बजावलं होतं की खोटी साक्ष दिलीस तर मी ते न्यायालयाला सांगेन. त्यामुळे आरोपीचा वकील मिळण्याचा हक्क हिरावला जात नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. इथला कळीचा शब्द ‘ठाऊक’. म्हणूनच अनेक बचाव वकील पहिल्या भेटीत “तू केलंस का?” असं विचारतच नाहीत. “पोलीस काय म्हणतील? त्यांच्याकडे काय आहे?” इथून सुरुवात होते. वाचकाला हे टाळाटाळ केल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ती स्वतःचे हात मोकळे ठेवत असते.

बचाव करणं म्हणजे गुन्ह्याला पाठीशी घालणं का? १९६३ च्या गिडियन खटल्याची गोष्ट मला याचं सर्वांत चोख उत्तर वाटते. फ्लोरिडातल्या पनामा सिटीमध्ये एका पूल रूममध्ये, म्हणजे बिलियर्ड्ससारखा पूल खेळायच्या जागी, चोरी झाली. क्लॅरेन्स गिडियनवर आरोप आला. वकील करायला पैसे नव्हते, कोर्टाने वकील द्यायला नकार दिला. त्याने स्वतःच खटला लढवला आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहून सर्वोच्च न्यायालयात पाठवला. न्यायालयाने ठरवलं की गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला वकील परवडत नसेल तर सरकारने द्यायला हवा. त्याच वर्षी खटला पुन्हा चालला. आरोप तोच, मुख्य साक्षीदार तोच, फक्त या वेळी गिडियनच्या बाजूला वकील होता. ज्यूरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, त्याला सोडून दिलं. एका उलटतपासाने माणसाचं आयुष्य बदललं. तुमची नायिका ज्यासाठी झगडते ते हेच, आणि ती त्यासाठी झगडणार म्हणजे खरोखर दोषी असलेल्यांसाठीही झगडणार, कारण खटल्याआधी दोघांना वेगळं करण्याचं यंत्र कोणाकडे नाही.

ती बाई आहे, याने गोष्टीत काय फरक पडतो, हेही सांगायला हवं. इतिहास पाहा. क्लारा फोल्ट्झ १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळवणारी पहिली स्त्री ठरली, तीही आधी कायदा बदलून घेऊन, कारण तोवरच्या कायद्यात स्त्रीला जागाच नव्हती. पाच मुलांची ही आई एकटीने घर चालवत फौजदारी खटले लढली. सरकारी वकील सरकार पगार देऊन ठेवतं, मग गरीब आरोपीसाठी पगारी बचाव वकील का नको, हा विचार तिने १८९३ मध्ये शिकागोत मांडला. पुढे लॉस एंजेलिस काउंटीत पब्लिक डिफेंडरचं, म्हणजे अशा पगारी बचाव वकिलाचं, कार्यालय उघडलं. ज्यांना घरचं काहीच नाही अशा आरोपींना वकील मिळू लागला, गिडियनच्या कितीतरी आधी. २००२ मध्ये तिथल्या फौजदारी न्यायालयाच्या इमारतीला तिचं नाव दिलं गेलं. म्हणजे या मालिकांमधल्या नायिका ज्या पदावर अनेकदा काम करताना दिसतात, ती कल्पनाच एका बाईने लावून धरलेली आहे. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

चांगली लेखिका स्त्री असण्याचा मुद्दा भाषण ठोकून मांडत नाही. तो बारीक जागी दिसतो. न्यायाधीश पुरुष वकिलाला ‘कौन्सेलर’, म्हणजे वकीलसाहेब, म्हणतात आणि तिला नावाने हाक मारतात. आवाज चढवला की पुरुष तडफदार ठरतो, तीच गोष्ट तिने केली की ज्यूरीतले दोघं मागे रेलून बसतात. बलात्काराच्या खटल्यात आरोपीच्या घरचे मुद्दाम बाईच वकील हवी म्हणून तिच्याकडे येतात, आणि आपल्याला कशासाठी निवडलं हे तिला पहिल्या मिनिटात कळतं. पीडितेचा उलटतपास घ्यायची वेळ आली की तिच्यातला पेच आणखी गडद होतो. अशा प्रकरणावर ज्या मालिका कचरत नाहीत, त्या मला जास्त प्रामाणिक वाटतात.

आता कोर्ट. आपल्याकडे ज्यूरी राहिलेली नाही, त्यामुळे अमेरिकन कोर्टाची निम्मी गंमत आपल्या हातून निसटते. तिथे तथ्य काय ते ज्यूरी ठरवते, कायदा काय ते न्यायाधीश सांगतात. खुनासारख्या खटल्यात ज्यूरी बहुधा बारा जणांची असते, आणि २०२० च्या एका निकालानंतर गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला सगळ्या राज्यांत एकमत लागतं. सरकारी बाजूला बाराच्या बारा हवेत; बचावाला ठाम राहणारा एकच पुरे, निदान खटला निकालाविना संपायला. म्हणून ज्यूरी निवडण्याचं प्रकरण घाईने वाचून टाकू नका. नायिका तिथे एखाद्या निवृत्त शिक्षिकेकडे बघून मनाशी काहीतरी नोंद करते, आणि तीनशे पानांनंतर ती शिक्षिका निकालाच्या वेळी आरोपीकडे बघते की नाही, यावर सगळं ठरतं.

आरोपी अमेरिकन कोर्टात पिंजऱ्यात नसतो, वकिलाच्या शेजारी त्याच टेबलाशी बसतो. ही साधी मांडणी लेखिकेला फार उपयोगी पडते. साक्ष चालू असताना तो तिच्या वहीत काहीतरी खरडतो, तिच्या कानाशी लागतो, नको तेव्हा हसतो. ज्यूरी दिवसभर त्या दोघांना शेजारी बघत असते. नायिका त्याच्या खांद्यावर हात ठेवते तेव्हा ती माया आहे की ज्यूरीला दाखवायचा हात, हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा.

ग्रँड ज्यूरी वेगळी, तिच्याशी गल्लत करू नका. खटला भरण्याइतका पुरावा आहे का एवढंच ती पाहते, बंद दाराआड, आणि बचावाची वकील सहसा आत नसते. त्या प्रकरणात नायिका बाहेर फेऱ्या मारताना दिसली तर त्याचं कारण हे.

उलटतपासाबद्दल मात्र थोडं सावकाश बोलते, कारण वाचकाचं सगळ्यात जास्त तिथे निसटतं. हा मी रचलेला नमुना. साक्षीदार बाईने आरोपीला रात्री पार्किंगमधून पळताना पाहिलं म्हणते. वकील उठते.

“पोलिसांनी सोमवारी तुम्हाला सहा फोटो दाखवले.” “हो.” “त्यातला तिसरा फोटो माझ्या अशिलाचा होता.” “हो.” “तुम्ही म्हणालात, खात्रीने सांगता येत नाही.” “हो.” “बुधवारी टीव्हीवर बातमी आली.” “हो.” “तीत त्याचा फोटो होता.” “हो.” “तुम्ही ती पाहिली.” “पाहिली.” “त्याच रात्री तुम्ही पोलिसांना फोन केला.” “हो.” “आणखी प्रश्न नाहीत.”

बघा, हे प्रश्नच नाहीत. ही एकेका तथ्याची विधानं आहेत, आणि प्रत्येकाला ‘हो’ शिवाय उत्तर नाही. शेवटचं विधान, म्हणजे टीव्हीवर पाहिलं म्हणूनच तुम्हाला खात्री वाटली, हे ती उच्चारतच नाही. ते ज्यूरीला स्वतःहून सुचायला हवं. तिने ते विचारलं असतं तर साक्षीदार म्हणाली असती, “सोमवारी मी घाबरले होते. तो मला शोधत येईल असं वाटलं. ओळखलं तर मी पहिल्याच दिवशी होतं.” खटला तिथेच हरला. आता पुढची गंमत: सरकारी वकील हुशार असेल तर फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर आपल्या साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारताना, तो उठून नेमकं हेच विचारेल, “सोमवारी तुम्हाला कशाची भीती वाटत होती?” तेव्हा नायिका हरकत घेते का, कोणत्या क्षणी घेते, की ज्यूरीला काही लपवल्यासारखं वाटू नये म्हणून बसून राहते, हे बघा. पहिल्या वाचनात हे वेगाने जातं. उलटतपासाची प्रकरणं मी नेहमी दोनदा वाचते, दुसऱ्यांदा फक्त न विचारलेला प्रश्न शोधत.

कादंबऱ्यांत खोटं काय असतं? सगळ्यात मोठं खोटं म्हणजे प्रत्येक गोष्ट खटल्यापर्यंत जाते. २०१२ च्या एका निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवलं आहे की संघीय न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के दोषसिद्धी तडजोडीच्या कबुलीतून येतात. म्हणजे खऱ्या वकिलाचं बरंचसं आयुष्य सरकारी वकिलाशी घासाघीस करण्यात जातं: पंधरा वर्षं कबूल कर, नाहीतर जन्मठेपेचा धोका पत्कर. आपण केलं नाही असं सांगणाऱ्या माणसापुढे हा कागद ठेवणं, हे माझ्या मते या कामातलं सगळ्यात जड काम. ज्या मालिकेत असं एखादं प्रकरण सविस्तर येतं ती मी पुढे वाचतेच.

ऐन वेळी दार उघडून येणारा साक्षीदारही बहुतेक वेळा खोटाच. दोन्ही बाजूंना बराचसा पुरावा आधी दाखवावा लागतो. उलट खरा, आणि कादंबरीतही खराखुरा लागणारा धक्का असतो तो लपवलेल्या कागदाचा. आरोपीच्या फायद्याचा महत्त्वाचा पुरावा सरकारी बाजूने बचावाला द्यायलाच हवा, हे १९६३ च्या ‘ब्रेडी विरुद्ध मेरिलँड’ ने ठरवलं. नायिकेला फायलींच्या ढिगाऱ्यात एक जबाब सापडतो आणि ती दचकते, तेव्हा तिच्या डोक्यात ‘ब्रेडी’ हे नाव आलेलं असतं.

आणि शेवटी खुनी तिच्यावरच चालून येतो, रिकाम्या इमारतीत झटापट होते. मला हा शेवट आवडत नाही. खरा गुन्हेगार शोधणं हे तिचं काम नाही; सरकारला पुरावा पुरा पडला नाही, एवढं दाखवणं पुरेसं असतं. लेखिका झटापटीवर उतरली की तिचा स्वतःच्याच कोर्टावर भरवसा राहिला नाही असं वाटतं. निर्दोष सुटका झाली आणि तरीही वाचकाच्या मनात शंका शिल्लक राहिली, असा शेवट करायला जास्त हिंमत लागते.

मालिका इंग्लंडमधली असेल तर चित्र बदलतं. तिथे कोर्टात बोलणारी बॅरिस्टर स्वतः गल्ल्या धुंडाळत नाही. अशिलाशी थेट व्यवहार करणारा वकील, म्हणजे सॉलिसिटर, तिला तयार ब्रीफ, म्हणजे खटल्याची कागदपत्रं, देतो. आरोपी मागे वेगळ्या कठड्यात बसतो. आणि आपल्या क्षेत्रातलं, वेळ असताना आलेलं काम बॅरिस्टरला अशील आवडत नाही म्हणून नाकारता येत नाही, म्हणजे तुमचा तिसरा प्रश्न तिथे नियमानेच निकालात निघतो. रोझ हाइलब्रॉन १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये किंग्ज कौन्सेल, म्हणजे मानाचा किताब मिळालेली ज्येष्ठ बॅरिस्टर, झालेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी एक. लिव्हरपूलच्या कॅमिओ सिनेमातल्या खुनाच्या खटल्यात ती जॉर्ज केलीच्या बचावाला उभी राहिली. पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्या खटल्यात तो दोषी ठरला, आणि १९५० मध्ये त्याला फाशी झाली. २००३ मध्ये अपील न्यायालयाने त्याला दोषी ठरवणारा निकाल रद्द केला. एक महत्त्वाचा जबाब बचाव पक्षाला कधी दाखवलाच गेला नव्हता. ज्या बाईने ते ओझं प्रत्यक्ष वाहिलं तिचं चरित्र कोणत्याही कादंबरीइतकंच वाचनीय आहे.

आता क्रम. या मालिकांमध्ये प्रत्येक पुस्तकातला खटला त्या पुस्तकात संपतो, त्यामुळे हातातलं तिसरं खुशाल पुरं करा. पण त्यानंतर चौथ्याकडे न जाता पहिल्याकडे जा. खटले सुटे असतात, माणसं नसतात. पहिल्या पुस्तकात तिने ज्या सरकारी वकिलाला हरवलं तोच चौथ्यात न्यायाधीश होऊन समोर बसतो. तिने गुप्त ठेवलेली गोष्ट दोन पुस्तकांनंतर दुसऱ्या अशिलाच्या आड येते, आणि परस्परविरोधी हितसंबंधांमुळे तिला खटला सोडावा लागतो. तपासनिसाशी ती असं तुटक का बोलते, हे क्रम मोडला तर कळत नाही. पहिलं पुस्तक थोडं कच्चं वाटेल. बऱ्याच लेखिका तिथे कायदा फार समजावत बसतात. तुमच्यासाठी ते उलट बरंच आहे, कोर्टाची ओळख तिथेच होईल.

विकत घेताना एक काळजी घ्या. काही पुस्तकं अमेरिकेत एका नावाने आणि इंग्लंडमध्ये दुसऱ्या नावाने निघतात, आणि वाचक तेच पुस्तक दोनदा घेऊन बसतो. नव्या मुखपृष्ठावरच्या क्रमांकावरही विसंबू नका. प्रकाशक बदलला की तो कधीकधी बदलतो, मधल्या लघुकादंबऱ्याही त्यात मोजल्या जातात. कॉपीराइटच्या पानावर पहिल्या प्रकाशनाचं वर्ष असतं. त्या वर्षांप्रमाणे क्रम लावा आणि त्याच क्रमाने वाचा.